ऊन दुपारचं, गरज रात्रीची

1878 साली मुंबईत सूर्याच्या उष्णतेवर एक इंग्रजी पुस्तक निघालं. लेखक होते विल्यम अ‍ॅडम्स, मुंबई हायकोर्टातले डेप्युटी रजिस्ट्रार. कोर्टाच्या दफ्तरातून वेळ काढून हे गृहस्थ कुलाब्यातल्या आपल्या बंगल्याच्या आवारात आरसे मांडत बसायचे. सपाट आरशांच्या रांगांनी सगळं ऊन एका बॉयलरवर पाडायचं, त्या वाफेवर इंजिन चालवायचं आणि इंजिनावर पंप. अडीच अश्वशक्तीचा पंप त्यांनी असा खरोखर चालवून दाखवला. कोळसा महाग, जंगलं तुटत चाललेली आणि ऊन मात्र फुकट. तेव्हा उष्ण देशांनी जळण म्हणून ऊनच वापरावं, हा त्यांचा मुद्दा होता.

याच खटाटोपात त्यांनी एक चूलही केली. आठ बाजूंचं, आतून आरसे लावलेलं, नरसाळ्यासारखं पसरट तोंड आणि त्याच्या मधोमध काचेखाली तांब्याचं भांडं. जानेवारीत, म्हणजे मुंबईच्या सगळ्यात थंड दिवसांत, सात शिपायांचा शिधा या चुलीवर दोन तासांत शिजला. आपल्याकडच्या सूर्यचुलीची ही पहिली ठळक नोंद. पण पुढची सव्वाशे वर्षं गावाकडच्या घरात सोलरची पाठ न सोडणारी अडचण या पहिल्याच चुलीत होती. ऊन तापतं दुपारी. घराला विस्तव लागतो पहाटे आणि दिवा लागतो दिवेलागणीला.

खरं तर घराला ऊन वापरायला कुणी शिकवायची गरज नव्हती. चैत्र-वैशाखात अंगणात बाज टाकून, तिच्यावर जुनं धोतर अंथरून कुरडया-पापड वाळायचे. कावळे हाकायला एखादं पोर काठी घेऊन बसवलेलं असायचं. मिरची, हळद, आमसुलं, किनाऱ्यावर वलांडीवर टांगलेले बोंबील, सगळं उन्हाच्या भरवशावर. इथे काम दुपारचं आणि ऊनही दुपारचं, त्यामुळे तंटा नव्हता. तंटा सुरू झाला तो उन्हाला चुलीपाशी आणून बसवायचं ठरलं तेव्हा.

ते ठरवणारे बहुतेक लोक शहरातले होते. 1945च्या सुमारास जमशेदपूरला एम. के. घोष यांनी पेटीच्या आकाराची सूर्यचूल तयार केली. 1950च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने चकचकीत अ‍ॅल्युमिनियमच्या तबकडीची चूल काढली. स्वतंत्र देशाच्या विज्ञानाने गरिबाच्या घरासाठी केलेली वस्तू म्हणून तिचं कौतुक बरंच झालं, विक्री मात्र होईना. तबकडी थोड्या थोड्या वेळाने सूर्याकडे वळवत राहावं लागे, म्हणजे बाईने उन्हात उभं राहून स्वयंपाक करायचा. ज्या घरात पाणी आणण्यापासून गोठ्यापर्यंतची सगळी कामं तिच्याच गळ्यात होती, तिथे हा हिशेब कसा जुळणार होता? आणि रॉकेल तेव्हा स्वस्त होतं.

रॉकेलची स्वस्ताई 1973च्या तेलसंकटाने संपवली. तोवर दुर्लक्षित असलेल्या सूर्याला सरकारी फाईल मिळाली. 1981 साली केंद्राने ऊर्जेच्या पर्यायी साधनांसाठी आयोग नेमला, 1982 साली अपारंपरिक ऊर्जेचा वेगळा विभाग काढला. महाराष्ट्रात 1985 साली महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, म्हणजे ‘मेडा’, स्थापन झालं. आणि अनुदानावर पेटीच्या सूर्यचुली वाटपाचा काळ सुरू झाला. ज्यांनी ऐंशीच्या दशकात एखाद्या पंचायत समितीच्या आवारात पाऊल टाकलं असेल, त्यांना ती पेटी आठवेल: सुटकेसएवढी, आतून काळी, दुहेरी काचेचं झाकण, त्यावर उघडता येणारा आरसा, आत काळा रंग दिलेले चार गोल डबे. एकात तांदूळ, एकात डाळ, एकात बटाटे, एकात शेंगा. दहा वाजता लावायचं, साडेबारा-एकला काढायचं. वरण-भात अप्रतिम व्हायचा, हे तिची थट्टा करणारेही मान्य करत. मंद आचेवर शिजल्याने डाळ लोण्यासारखी मऊ होई.

फक्त भाकरी होत नसे. पेटीतली हवा शंभरच्या थोडी वर तापते, भाकरीच्या तव्याला याहून कितीतरी जास्त ताव लागतो आणि भाकरी फुगायला शेवटी निखारा हवा. फोडणी देता येत नसे. शिवाय शेतावर जाणाऱ्या घरात स्वयंपाक सूर्य उगवायच्या आधी उरकलेला असतो. सात वाजता फडक्यात भाकरी बांधून माणसं बांधावर गेली की दुपारभर घराला कडी. त्या रिकाम्या अंगणात पेटीवर लक्ष ठेवायचं कुणी? शेळी येऊन आरशावर पाय देते, पोरं काचेत तोंडं वाकडी करून बघतात, वळीव आला तर पेटी आत ओढायला कुणी नसतं. बऱ्याच पेट्यांचा पुढे कडधान्य ठेवायला छान उपयोग झाला. काच घट्ट बसत असल्याने त्यांत उंदीर शिरत नसत.

देशभरात मिळून अशा सुमारे 6 लाख पेट्या गेल्या असं सरकारी आकडे सांगतात. त्यातल्या कितींवर रोज भात शिजला, हा प्रश्न वेगळा. पुण्या-नाशिकच्या गच्च्यांवर निवृत्त जोडप्यांनी त्या वीस-वीस वर्षं प्रेमाने वापरल्या, कारण दुपारी बारा वाजता ते घरी होते आणि जेवणही तेव्हाच होतं. हाच हिशेब मोठ्या प्रमाणावर जमला तो शिर्डीत. 2009 साली साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयावर 73 मोठ्या तबकड्या बसल्या आणि त्यांच्या वाफेवर हजारो माणसांचं जेवण शिजू लागलं. तिथे सूर्याकडे बघायला पगारी माणूस होता आणि पंगत दुपारीच बसत होती.

चुलीपेक्षा न्हाणीघराने सूर्याला लवकर आपलंसं केलं. बंबात ढलप्या घालून पाणी तापवणाऱ्या घरांत, विशेषतः ऊसपट्ट्यात स्लॅबची घरं झाली तशी, गच्चीवर काचेच्या नळ्यांचे सोलर बंब दिसू लागले. ह्या यशाचं कारण साधं आहे. दुपारी तापलेलं पाणी जाड आवरणाच्या टाकीत रात्रभर गरम राहतं आणि पहाटे अंघोळीला मिळतं. म्हणजे ऊन साठवायची सोय पाण्यातच होती. वीज न वापरता दुपार पहाटेपर्यंत पोचवणारं हे एकच यंत्र सामान्य घराच्या खिशाला परवडलं, आणि ते कुणी फारसं न गाजवता पसरलं.

दिव्याची गोष्ट मात्र लांबची.

विजेआधीच्या घरात संध्याकाळचं पहिलं काम कंदिलाची काच पुसणं हे असे. चुलीतली राख चिमटीत घेऊन, फडकं काचेच्या पोटात घालून, बोटांनी गोल फिरवायचं. काच मोठ्या माणसाच्या मुठीला अरुंद पडते म्हणून हे काम पोरांकडे. काच फुटली की मार ठरलेला. कंदील ओटीवर, आणि स्वयंपाकघरात पत्र्याची चिमणी, म्हणजे डबीत वात आणि वर उघडी ज्योत. चिमणीपाशी अभ्यास करणाऱ्या पोराने सकाळी नाक शिंकरलं तर काळं यायचं. रेशनवरचं निळं रॉकेल महिन्याला काही लिटर मिळे, तेवढ्यात चूल पेटवणं आणि दिवा दोन्ही भागवायचं. हे फार जुनं नाही. 2001च्या जनगणनेत भारतातल्या ग्रामीण घरांपैकी 55 टक्क्यांहून अधिक घरांचा मुख्य दिवा रॉकेलचाच होता. वीज होती ती 43 टक्क्यांच्या आसपास.

ज्या वस्तूने या कंदिलाला बाजूला सारायचं होतं, तिचा जन्म अमेरिकेतल्या बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत झाला. एप्रिल 1954मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी सिलिकॉनचा सौर घट लोकांसमोर आणला. त्यावर पडणाऱ्या उन्हातलं 6 टक्के ऊन विजेत बदलत होतं. पुढच्याच वर्षी त्याची पहिली बाहेरची चाचणी झाली ती जॉर्जिया राज्यात अमेरिकस गावाजवळ, खेड्यातल्या टेलिफोनच्या खांबावर. खेड्याशी सोलरचं नातं असं जन्मापासूनचं आहे. पण किंमत अशी की पुढे बराच काळ हे घट उपग्रहांनाच परवडले. 1977 साली सुद्धा एका वॅटला सुमारे 76 डॉलर पडत. त्याच वर्षी साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने पहिला भारतीय सौर घट तयार केला, आणि 1978 साली पहिलं पॅनेल.

गावात त्याला पॅनेल कुणी म्हणालं नाही. ‘सोलरची प्लेट’ असंच म्हणतात, आजही.

नव्वदच्या दशकात ही प्लेट सौरकंदिलाच्या रूपाने घरात शिरली. नमुना सरकारने ठरवून दिलेला: 10 वॅटची प्लेट, 7 वॅटचा सीएफएल दिवा, 12 व्होल्टची छोटी बंद बॅटरी. दिवसभर प्लेट कौलावर, रात्री तीन-चार तास उजेड. चुलीच्या बाबतीत जे जमलं नव्हतं ते इथे बॅटरीने जमवलं. दुपारचं ऊन शिशाच्या पट्ट्यांत कोंडून ठेवायचं आणि संध्याकाळी सोडायचं. बायकांनी या दिव्याला चुलीसारखं नाकारलं नाही. त्यांचं कोणतंच काम तो बदलायला सांगत नव्हता. उलट काच पुसायची राहत होती, गोठ्यात न्यायला वाऱ्याने न विझणारा उजेड मिळत होता, बाळंतिणीच्या खोलीत धूर होत नव्हता.

दोन-अडीच वर्षांनी बॅटरी बसायची. इथे सरकारी योजनांची दुसरी मोठी चूक दिसते. वाटप मोजलं जायचं, दुरुस्ती मोजायला कुणी नव्हतं. नवी बॅटरी तालुक्याला मिळाली तर मिळाली, आणि तिची किंमत अनुदानाच्या कंदिलासाठी भरलेल्या रकमेच्या जवळपास जायची. मोठ्या घरगुती संचात पाण्याची बॅटरी असे. तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचं असतं हे बसवणाऱ्याने घाईत सांगितलेलं, घरच्यांनी विहिरीचं पाणी ओतलेलं, आणि क्षारांनी पट्ट्या खाल्लेल्या. कुठे बॅटरी ट्रॅक्टरला गेली, कुठे लग्नाच्या मंडपात टेपरेकॉर्डरला. दिवा लागेना की लोक म्हणायचे, सोलर फेल आहे. प्लेट मात्र बिचारी छपरावर वीसेक वर्षं निमूटपणे वीज करत राहायची, घ्यायला कुणी नसलं तरी.

ही गाठ राजस्थानातल्या तिलोनियाने एका बाजूने सोडवली. अजमेर जिल्ह्यातल्या या गावात बंकर रॉय यांनी 1972 साली स्थापन केलेली संस्था आता ‘बेअरफूट कॉलेज’ या नावाने ओळखली जाते. 1989पासून संस्थेचा परिसर सोलरवर चालू लागला, आणि त्याच सुमारास लडाखच्या खेड्यांत त्यांनी दिवे बसवायला सुरुवात केली. दिवे दुरुस्त कोण करणार या प्रश्नाला त्यांचं उत्तर होतं: गावातली म्हातारी. तरुण मुलगा शिकला की प्रमाणपत्र घेऊन शहराकडे जातो, आजी गाव सोडत नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांना तारांच्या रंगांवरून आणि हातवाऱ्यांवरून सर्किट जोडायला शिकवलं गेलं. पुढे भारत सरकारच्या मदतीने आफ्रिकेतल्या देशांतून बायका सहा महिने तिलोनियात राहून हेच काम शिकून जाऊ लागल्या. नवऱ्याशिवाय कधी तालुक्याला न गेलेली बाई सोल्डरिंग गन हातात घेऊन विमानाने घरी परतते, यावर बरंच लिहून झालं आहे. तिच्या गावात बॅटरी बसली तर ती उघडून बघणारं माणूस आता चार घरं सोडून राहत होतं.

दुसरी गाठ पैशाची. ती कर्नाटकात सुटली. 1995 साली हरीश हांडे यांनी ‘सेल्को’ सुरू केली तेव्हा गरीब माणूस सोलर घेऊ शकत नाही, घेतलं तर हप्ते फेडत नाही आणि सांभाळू शकत नाही, अशी तीन वाक्यं सगळीकडे ऐकू येत. हांडे एका हातगाडीवालीचा किस्सा नेहमी सांगतात. महिन्याला 300 रुपये तिला जड वाटत होते, रोजचे 10 रुपये नव्हते. हिशेब तोच, पण तिच्या हातात पैसा रोज येत होता. मग ग्रामीण बँकांच्या मॅनेजरांना पटवणं आलं, हप्ते पिकाप्रमाणे बांधणं आलं, शेंगदाणा विकला की हप्ता, दूधवाल्याचा दर आठवड्याला. 2003पासून संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या मदतीने कॅनरा आणि सिंडिकेट या बँकांनी घरगुती सोलरसाठी कर्जं दिली, आणि काही वर्षांत दक्षिणेत जवळपास 20,000 घरांत दिवे लागले. कोकण-कर्नाटकच्या सीमेवरच्या सुपारीच्या वाड्यांत बिनअनुदानाचं सोलर पाहून आलेल्या माणसाला घाटावरच्या योजनांतला घोळ कुठे आहे ते लगेच कळत असे. हांडे यांना 2011 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हप्त्याच्या ह्याच कल्पनेचा सगळ्यात मोठा अवतार शेजारच्या बांगलादेशात दिसला. तिथे 2003 साली ‘इडकॉल’ या सरकारी वित्तसंस्थेने जागतिक बँकेच्या पैशावर हप्त्याने घरगुती संच द्यायला सुरुवात केली. 50,000 घरांचं उद्दिष्ट 2008साठी ठेवलं होतं, ते 2005 सालीच पूर्ण झालं. शेवटी हा आकडा 40 लाख संचांच्या पुढे गेला. जगात कुठल्याच देशात घरावरचं सोलर इतक्या झपाट्याने पसरलं नव्हतं. मग सरकारी तारा खेड्यांत वेगाने पोचल्या, लोकांनी हप्ते भरायचे थांबवले, आणि 2018च्या सुमारास कार्यक्रम आटोपता घ्यावा लागला. तार आली की प्लेट उतरते, हे दृश्य भारतातही दिसणार होतं.

दरम्यान दोन शोधांनी छोट्या दिव्याचं गणित बदललं. एलईडीने 7 वॅटचं काम 2-3 वॅटवर आणलं, त्यामुळे प्लेट लहान झाली, बॅटरी लहान झाली. आणि मोबाइल आला. तार नसलेल्या पाड्यातल्या माणसाला फोन चार्ज करायला बाजाराच्या दिवशी दुकानात पैसे मोजावे लागत. आता त्याला उजेडापेक्षा चार्जिंगची पिन जास्त मोलाची झाली. 2008 साली दिल्लीच्या ‘टेरी’ संस्थेने गावोगाव पन्नास-पन्नास कंदिलांची चार्जिंग केंद्रं काढली, बहुतेक ठिकाणी एखाद्या बाईच्या घरात. संध्याकाळी कंदील भाड्याने न्यायचा, सकाळी परत आणून लावायचा.

आयआयटी मुंबईने 2014पासून शाळकरी मुलांसाठी दहा लाख दिव्यांचा कार्यक्रम घेतला. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान आणि ओडिशातल्या तालुक्यांत स्थानिक मुला-मुलींना आणि बायकांना दिवे जोडायला शिकवलं, दुरुस्ती केंद्रं तिथेच काढली, आणि विद्यार्थ्याला दिवा 120 रुपयांना दिला. फुकट दिला असता तर सांभाळला नसता, हा जुना धडा त्यांनी घेतला होता. मान वाकवता येणारा तो छोटा दिवा नंदुरबारपासून मेळघाटपर्यंतच्या घरांत अजूनही दिसतो. कार्यक्रमामागचे प्राध्यापक चेतनसिंह सोळंकी पुढे बसमध्येच घर थाटून ‘एनर्जी स्वराज’चा प्रचार करत देशभर फिरू लागले.

एका घराचा दिवा वेगळा आणि गावाची वीज वेगळी. पश्चिम बंगालमध्ये सुंदरबनातल्या सागर बेटावर 1996 साली कमलपूर इथे 26 किलोवॅटचं सौर केंद्र उभं राहिलं. तारा ओढून घरांना संध्याकाळचे काही तास वीज मिळू लागली. नदीपात्र ओलांडून तारा नेणं तेव्हा परवडणारं नव्हतं. महाराष्ट्रात त्याच जातीचा प्रयोग पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत झाला. डोंगरातली 39 घरांची वस्ती. 2012 साली पुण्याच्या ‘ग्राम ऊर्जा’ने एका जर्मन कंपनीच्या साहाय्याने 9.4 किलोवॅटचा संच बसवला, घराघरात मीटर लावले, आणि कारभार गावकऱ्यांच्याच न्यासाकडे दिला. युनिटमागे दर शहरापेक्षा जास्त पडे, पण बॅटऱ्या पुढे बदलायच्या तर पैसा साठायला हवा, हे लोकांना हिशेब मांडून सांगितलेलं होतं.

बिहारमधल्या जहानाबाद जिल्ह्यातल्या धरनईची कथा मात्र उलटी, आणि तीच जास्त सांगितली जाते. तीसेक वर्षं अंधारात असलेल्या या गावात जुलै 2014मध्ये एका आंतरराष्ट्रीय पर्यावरण संस्थेने 100 किलोवॅटचं सौर जाळं सुरू केलं. साडेचारशे घरं. माजी मुख्यमंत्री नितीशकुमार पाहायला आले तेव्हा गावकऱ्यांनी घोषणा दिल्या त्या ‘असली बिजली’साठी. सोलरवर फ्रीज चालवायचा नाही, इस्त्री चालवायची नाही, अशी अट होती, आणि संध्याकाळी सगळी घरं एकदम जागी झाली की बॅटऱ्या दमायच्या. थोड्याच दिवसांत गावात ट्रान्सफॉर्मर आला, सरकारी वीज आली, तीही सौर विजेपेक्षा स्वस्त. काही वर्षांनी त्या केंद्राच्या आवारात गुरं बांधलेली होती.

शहरातल्या पर्यावरणवाद्यांना हे फार लागलं. गावकऱ्यांना सूर्याचं महत्त्व कळत नाही, असा सूर निघाला. पण त्यांना ते बरोबर कळत होतं. जी वीज शहरात कुणी स्वतःहून घेत नाही, जिच्यावर फ्रीज ठेवायला बंदी आहे, ती फक्त खेड्याने घ्यायची, आणि वर आभार मानायचे, हे त्यांनी नाकारलं. दोन दिवे आणि एक पंखा म्हणजे वीज आली, ही व्याख्या करणाऱ्याच्या स्वतःच्या घरात किती पॉइंट होते?

2011च्या जनगणनेत मुख्य दिवा सोलरचा असलेली ग्रामीण घरं अवघी अर्धा टक्का निघाली. तीस वर्षांच्या योजनांचा हा हिशेब. सप्टेंबर 2017मध्ये ‘सौभाग्य’ योजना आली आणि सरकारने तार ओढायचाच मार्ग धरला. जिथे तार नेणं अशक्य, तिथे 200 ते 300 वॅटची प्लेट, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक पंखा, चार्जिंगला एक प्लग आणि पाच वर्षांची देखभाल. देखभालीची ही अट आली तेव्हा कंदील वाटपाला पाव शतक होऊन गेलं होतं.

तार आल्यावर सोलर संपायला हवं होतं. झालं वेगळंच. आधी ते पुन्हा चुलीकडे वळलं, या वेळी मागच्या दाराने. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या बांचा या आदिवासी गावात सुमारे 75 घरं. 2018 संपता संपता आयआयटी मुंबईच्या मदतीने घरोघरी चार प्लेटा, बॅटरी आणि विजेची इंडक्शन शेगडी बसली. अ‍ॅडम्सच्या चुलीला आणि ऐंशीच्या दशकातल्या पेटीला जे जमलं नव्हतं, ते आता जमण्यासारखं होतं. पहाटे अंधारात उठून बाई चहा ठेवू शकत होती, भाजी फोडणीला टाकू शकत होती. दुपारचं ऊन बॅटरीत रात्र काढून आलेलं होतं. ढग दाटलेल्या दिवसांत मात्र शेगडी दम टाकते, आणि मग जुनी चूल असतेच. ती कुणी मोडलेली नाही.

दुसरं वळण छपरावरचं. गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यातलं मोढेरा, अकराव्या शतकातल्या सूर्यमंदिराचं गाव, ऑक्टोबर 2022मध्ये चोवीस तास सोलरवर चालणारं गाव म्हणून जाहीर झालं. जमिनीवर 6 मेगावॅटचा प्रकल्प, सोबत बॅटऱ्या, आणि 1,300हून जास्त घरांच्या छपरांवर एकेक किलोवॅटच्या प्लेटा. महाराष्ट्रात हा मान 2024 साली सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातल्या एका गावाने मिळवला. मान्याचीवाडी, 102 घरं, स्वच्छतेचे पुरस्कार घेत आलेलं गाव. तिथल्या सगळ्या घरांची वीज छपरांवरच तयार होऊ लागली. फेब्रुवारी 2024मध्ये केंद्राने ‘पीएम सूर्यघर’ योजना काढली: 1 कोटी घरं, 75,021 कोटी रुपये, आणि 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान. नव्वदच्या दशकातल्या कंदिलाची प्लेट दहा वॅटची होती. आता एका घराला तशा तीनशे प्लेटांएवढी वीज.

या नव्या सोलरमध्ये बहुतेक घरांत बॅटरीच नाही. साठवणीचं ते दीडशे वर्षांचं दुखणं आता महावितरणच्या तारेवर सोपवलेलं आहे. दुपारी घरात कुणी नसताना प्लेटांची वीज तारेत जाते, मीटर ती जमा धरतो. संध्याकाळी घर तारेतून वीज घेतं, मीटर वजा करतो. महिन्याच्या शेवटी बिलावर दोन आकडे येतात, दिलेले आणि घेतलेले, आणि मग ओट्यावर ते बिल मोठ्याने वाचलं जातं. ज्याचं बिल शून्याच्या जवळ आलं तो दुसऱ्याला दाखवायला घेऊन जातो.

एक बारीक अट मात्र या संचाबरोबर येते, आणि बसवणारा ती शेवटी सांगतो. तारेत वीज नसेल तर छपरावरचा संचही आपोआप बंद पडतो. खांबावर दुरुस्तीला चढलेल्या वायरमनला खालच्या घरातून वीज लागू नये म्हणून ही सोय. वैशाखातला वळीव येतो, ओढ्याकाठची बाभूळ तारेवर पडते, लाइट जाते. तासाभरात आभाळ निवळतं, लख्ख ऊन पडतं, छपरावर तीन किलोवॅटच्या प्लेटा धुवून चकचकीत झालेल्या, आणि खाली घरात पंखा थांबलेला. डीपीवरचा माणूस रात्री उशिरापर्यंत येत नाही. मग कुणीतरी फळीवरून शाळेत मिळालेला तो मान वाकवणारा दिवा काढतं. दुपारी कुणी आठवणीने उन्हात ठेवला असेल, तर तो लागतो.